सटवाजीला नसलेले दुखणे

बीड जिल्ह्यात ज्या ज्या माणसांच्या छातीला मी कान लावला, त्यांत सर्वांत निरोगी काळीज सटवाजी हरकाऱ्याचे होते. त्यालाच मी हृदयरोगी ठरवले, नोकरीवरून उतरवले आणि बाजेवर निजवले. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दवाखान्यातल्या गमतीजमती सांगण्याच्या भरात मी ते पुढच्या पानावर ढकलीन, आणि तिथून त्याच्या पुढच्या. अशा ढकलाढकलीची मला वीस वर्षांची सवय आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी “नोकरीतले काहीतरी चुरचुरीत लिहा” असे सांगितले आहे. चुरचुरीत पुष्कळ आहे. परळीचे एक शेटजी होते. अंगाने स्थूल, गादीवरून उठताना दोन माणसे लागायची. ते मला म्हणाले, “डॉक्टरसाब, पहिलवान जोर-बैठका काढून जे अंगात आणतात, त्याचा अर्क बाटलीत मिळत नाही का?” मी ओवा आणि गूळ उकळून एक बाटली भरून दिली आणि एकच पथ्य सांगितले. अर्क वैजनाथाच्या देवळात, सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. खाली घेतला तर गुण येणार नाही. पुढच्या खेपेला मी परळीला गेलो, तर शेटजी गादीवरून आपले आपण उठले. “अर्क मोठा जालीम आहे,” म्हणाले, “आणखी एक बाटली द्या.” मी खूप हसलो. ही बाटली पुढे माझ्याच गळ्यात अडकणार आहे, हे तेव्हा कळले नाही.

माझे शिक्षण हैदराबादेत झाले आणि पहिली नेमणूक बीडच्या सरकारी दवाखान्यात. कष्टाने माणसाचे शरीर कसे बदलते, हे पाहण्याचा मला तेव्हापासून नाद. कोणी मोट हाकणारा आला, कोणी दळण-कांडण करणारी बाई आली, की औषध देण्याआधी मी त्यांची नाडी बघायचो, दंड दाबून बघायचो, चार पावले चालायला लावून पुन्हा नाडी बघायचो. तालमीतला एक पहिलवान तर माझी छाती ऐकण्याची नळी पाहून पळून गेला होता. तिच्यातून मी ताकद ओढून घेतो, अशी त्याची समजूत. पण आमच्या धंद्यातली एक खोट लोकांना ठाऊक नसते. आम्हाला आजारी माणूस पाहायला शिकवतात. निरोगी माणूस कसा असतो, त्यातही खूप कष्ट केलेला निरोगी माणूस आतून कसा असतो, हे कोणी शिकवत नाही. पुस्तकातला निरोगी माणूस हा पुस्तक लिहिणाऱ्यासारखाच खुर्चीवर बसणारा असतो.

मी रुजू झालो त्याच्या पुढच्या वर्षी हैदराबादेहून हुकूम आला की डाकेच्या सगळ्या हरकाऱ्यांची डॉक्टरी तपासणी करावी. कुठे तरी एक हरकारा छातीत कळ येऊन वाटेत पडला होता आणि थैली रानात राहिली होती. आमच्या डाकखान्याचे मुन्शी म्हणायचे की सरकारला काळजी आहे ती थैलीची.

हरकारा म्हणजे डाक घेऊन धावणारा माणूस. खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी. घुंगरांनी विंचूकाटा दूर होतो आणि पुढच्या चौकीवरच्या गड्याला कळते की डाक आली. सटवाजीचा टप्पा होता बीडपासून मांजरसुंब्याच्या घाटावरच्या चौकीपर्यंत. तिथून पुढे पाटोद्याकडे दुसरा गडी धावायचा. घाटात बैलगाड्यांना जादा बैल जोडतात, तिथे सटवाजी पळत चढायचा आणि वर पोचल्यावर चौकीदाराशी भांडायलाही त्याच्याकडे श्वास शिल्लक असायचा.

तपासणीला तो सर्वांत शेवटी आला. उंच, काटकुळा, गुडघे मोठाले, आणि तोंड अखंड चालू.

“पळताना दम लागतो का?” मी विचारले.

“लागतोच की, साब. दमच न्हाई लागला तर त्याला पळनं कोन म्हनंल?”

“छातीत धडधड?”

“भागूचा आवाज चढला की व्हती.” भागू म्हणजे त्याची बायको. बाकीचे हरकारे हसले. मीही हसलो आणि त्याचे मनगट हातात घेतले.

मग माझे हसू गेले. साध्या माणसाची नाडी मिनिटाला सत्तरच्या आसपास पडते. सटवाजीची चाळिशीच्या घरात होती. एक ठोका पडे, आणि दुसरा येतो की नाही अशी मला काळजी वाटे. मी त्याला निजवले आणि छातीवर ठोकून पाहिले. कणगीत धान्य कुठवर आहे हे बाहेरून ठोकून बघतात ना, तसेच हे. जिथे पोकळ आवाज येतो तिथे फुप्फुस, जिथे भरीव येतो तिथे काळीज. सटवाजीचा भरीव आवाज डावीकडे जायला हवा त्याच्या बराच पुढे गेला होता. म्हणजे काळीज मोठे झालेले आणि नाडी मंद. माझ्या पुस्तकात या दोन खुणांखाली जे लिहिले होते ते मला तोंडपाठ होते.

खरे सांगायचे तर मला आनंद झाला. धडधाकट दिसणाऱ्या माणसातला लपलेला रोग मी, नवशिक्याने, बोटांनी शोधून काढला होता.

कागदावर मी “नाकाबिल”, म्हणजे नोकरीला अपात्र, असे लिहिले. मुन्शीजी कपाळाला हात लावून बसले.

“डॉक्टरसाब, ये क्या किये? ये तो घोडा है घोडा!”

“मुन्शीजी, घोडा बाहेरून धडधाकटच दिसतो.”

“हम तो उसको अंदर-बाहर कबी थकते नै देखे.”

“हा रोग असाच लपतो,” मी शेजारी उभ्या सटवाजीकडे बघत म्हणालो.

त्याच दिवशी मी एका हरकाऱ्याला बेलाशक पास केले. तो तोंडात तंबाखूचा बार भरून आला होता आणि त्याची नाडी चांगली टणटण उडत होती.

सटवाजी पालीजवळ घाटाच्या पायथ्याशी राहायचा. मी स्वतः तट्टावरून त्याच्या घरी गेलो आणि नीट समजावून सांगितले. पळायचे नाही. ओझे नाही, घागरही नाही. बाजेवर पडून राहायचे, दूध प्यायचे.

“आन् परसाकडं?” त्याने विचारले.

“धरून न्यायचे.”

“आगंबया,” भागू म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. ती बारकी, ठेंगणी, नवऱ्याच्या छातीपर्यंतही न येणारी बाई होती. कडेवर वर्षाचे पोर, किसन. ती या उंच माणसाला धरून नेणार हे चित्र मला तेव्हाही विचित्र वाटले. पण मी काळजीत इतका बुडालो होतो की त्याचा पुढे विचार केला नाही.

मी खरोखरच काळजी घेतली. दर आठवड्याला जायचो. सुरुवातीला आमच्या घरचे दूधही पाठवायचो. सटवाजी आधी भेदरला, मग रुसला, आणि मग त्याला थोडी गंमत वाटू लागली. जन्मात त्याला कोणी निजल्या जागी पाणी आणून दिले नव्हते. आता गाव बघायला यायचे, आणि तो हळू आवाजात दुखण्याचे वर्णन करायचा. ते दर वेळी थोडे वाढलेले असायचे.

आणि त्याची नाडी सुधारू लागली. चाळिशीची पन्नाशी झाली, मग साठी. काही महिन्यांनी ती पुस्तकातल्या आकड्याला येऊन टेकली. मी घरी येताना तट्टावर बसून गाणे म्हटले.

घाटाच्या रस्त्यावर तेव्हा खडी पडत होती. भागू किसनला झाडाखाली निजवून खडी फोडायला जाई. एकदा हातोडा तिच्या डाव्या हाताच्या बोटावर बसला. पहिल्या बोटाचा शेंडा चेचला गेला. तो मला काढावा लागला. मी तो चांगला बांधला, जखम चिघळली नाही, याचा मला अभिमान वाटला. बांधताना ती म्हणाली,

“साब, तुमी म्हंता नाडी सुदारली. मंग मानूस कावून सुदरंना? उंबरा चढला की दम लागायलाय त्याला. पोटऱ्या तर बगा, कनसं काढलेल्या ताटावानी झाल्यात.”

“दुखणे अंगातून बाहेर पडताना असेच होते,” मी म्हणालो.

हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचले होते? कुठल्याच नाही.

त्याच सुमारास, हिवाळ्यात, अव्वल तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांचा, दौरा पाटोद्याकडे निघाला. साहेब मेण्यात, मेणा भोयांच्या खांद्यावर, आणि साहेबांचे पोट नाजूक म्हणून मी बरोबर. घाटाच्या मध्यावर माझे तट्टू अडले आणि मला उतरून चालावे लागले. वर पोचलो तेव्हा माझी नाडी कानात वाजत होती. भोयांनी मेणा ठेवला, घाम पुसला, आणि पाणी पिऊन होते न होते तोच त्यांच्यात कुणाचा तरी चावटपणा सुरूही झाला.

सवयीने मी त्यांच्या नाईकाचे मनगट धरले. हा म्हातारा गडी साहेबांचे वजन घेऊन घाट चढला होता, आणि त्याची नाडी माझ्याहून निवांत झाली होती. मी तिथेच बसलो. त्यांनी भाकरी खाल्ली, झाडाखाली पडले, तेव्हा पुन्हा एकेकाची नाडी पाहिली. सगळ्या मंद. नाईकाची तर अगदी सटवाजीसारखी, ठोका पडे आणि दुसऱ्याची वाट बघायला लागे. छातीवर ठोकले. काळजाची कड डावीकडे सरकलेली.

“काय बगायलाव, साब?” नाईक म्हणाला. “आमाला काय बी व्हत न्हाई. आमी कांदा खातो.”

“अन् तू बे? तू तर मुळा खातोस,” दुसरा एक त्याला म्हणाला, आणि ते सगळे हसले.

क्षणभर मला खरेच वाटले की हे सगळे आजारी आहेत. मग मी मेण्याकडे बघितले, घाटाकडे बघितले. इतकी आजारी माणसे तालुकदारसाहेबांना इतक्या उंच आणू शकत नाहीत.

परतताना घाटाखाली एका मळ्यात शेजारी शेजारी दोन विहिरी चालू होत्या. एकीवर लहान मोट, दुसरीवर मोठी. लहान मोटेचा गडी बैलांना सारखा हाकीत होता, खेपेवर खेप. मोठ्या मोटेचा गडी गाणे म्हणत सावकाश खेपा घालत होता, आणि त्याच्या पाटात पाणी जास्त होते. मी तट्टू थांबवून कितीतरी वेळ ते बघत राहिलो.

काळीज हेही मांसच आहे. कष्टाने दंड भरतो तसे तेही भरते. पळणाऱ्याची मोट मोठी होते. एका खेपेत जास्त रक्त टाकते, म्हणून बसल्या जागी तिला खेपा कमी पुरतात. घाट चढायची वेळ आली की ती खेपाही वाढवू शकते; आपल्यासारख्याची लहान मोट आधीच घाईत असते, तिला वाढायला जागा कुठली? आणि मोट वापरलीच नाही तर? कातडे वाळते, आकसते. तेच पाणी काढायला मग खेपा जास्त. सटवाजीच्या नाडीची जी सुधारणा मी गाणे म्हणत मोजीत होतो, ती त्याची मोट आकसत चालल्याची खूण होती.

मी बीडला न जाता सरळ त्याच्या घरी गेलो. मला सगळे सांगायचे होते. वाटेत मी वाक्येही जुळवली होती. सटवाजी बाजेवर बसला होता, गाल मऊ झालेले, हात मांडीवर. मला बघून त्याचा चेहरा उजळला. “साब, आज आवचित? नाडी बगायची का?” त्याने मनगट पुढे केले. भागू चुलीपासून उठून आली, बोटाला मीच बांधलेली पट्टी.

मी तोंड उघडले आणि म्हणालो, “सटवाजी, तू बरा झालास.”

तो बाजेवरून उतरला आणि माझ्या पायांवर पडला. भागूने मारुतीला नारळ फोडला.

नोकरी जाईल ही भीती होती, नाही असे नाही. पण ती थोडी. मुख्य भीती अशी की त्या दोघांचे माझ्याकडे बघणारे डोळे बदलतील. ज्याला रोगच नव्हता त्याला मी बरा केला, आणि त्याचा नारळही खाल्ला.

आता त्याला पुन्हा हरकारा करणे भाग होते. मी रोज पहाटे तट्टावरून त्याच्याकडे जाऊ लागलो. आधी दारापासून चिंचेपर्यंत चालणे. मग नदीपर्यंत. मग घाटाचे पहिले वळण. त्या वळणावर तो पहिल्यांदा दगडावर बसला आणि रडला. “साब, ह्ये पाय माझे न्हाईत. कुनी बदलले बगा.” दुसऱ्या दिवशी त्याचे अंग असे धरले की भागूने गरम पाण्याने शेकले. एक दिवस हट्टाने दुसऱ्या वळणापर्यंत पळाला, तर चार दिवस घोट्याला सूज. तेव्हा मला कळले की अंग घडते ते कष्टात नाही, कष्टानंतरच्या विसाव्यात. कष्ट फक्त मागणी करतात. मागणी थोडी थोडी वाढवली की अंग ती पुरवते, एकदम वाढवली की मोडते. आणि सगळे काही एकाच वेळी परत येत नाही. आधी दम आला, मग पोटऱ्या आल्या, सांध्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. आज मी तालमीतल्या पोरांना, शाळेच्या ड्रिल मास्तरांना जे काही सांगतो, ते सगळे त्या घाटात शिकलो. माझ्या नोकरीतल्या त्याहून गोड सकाळी मला आठवत नाहीत. तो पुढे पळायचा, मी मागे तट्टावर, आणि तो मान वळवून ओरडायचा, “साब, तुमच्या घोड्याची नाडी बगा आदी!”

माझ्या घड्याळावर नाडी मोजायला मी त्याला शिकवले. त्याला ते फार आवडले. हळूहळू भागूची, शेजाऱ्यांची, पाहुण्यांची, सगळ्यांची मनगटे तो धरू लागला. आणि एक दिवस पांढरा फटक पडून माझ्याकडे आला.

“साब, परत मंद व्हायलीय! दुखनं आलं की वो!”

खरे सांगण्याची ती दुसरी संधी. आधीच्यापेक्षा सोपी होती. मंद नाडी चांगली असते, एवढेच म्हणायचे होते. पण मग तो विचारणार, की मग तेव्हाची? मी म्हणालो, “ती मंद वेगळी होती, ही वेगळी. औषध घेतलेस की धोका नाही.” आणि मी त्याला परळीच्या शेटजींचा अर्क दिला.

ओवा आणि गूळ.

त्याला त्याचा टप्पा परत मिळाला. मुन्शीजींनी मला खास विडा दिला. “हम बोले थे ना, घोडा है?” मी विडा खाल्ला. पुढे माझी बदली पाटोद्याला झाली, मग मोमिनाबादेला, मग परत बीडला. दर वर्षी दिवाळीच्या तोंडाला सटवाजी डोंगरातल्या सीताफळांची पाटी घेऊन यायचा आणि अर्काची बाटली घेऊन जायचा. ओसरीवर बसलेल्या रोग्यांना तो सांगायचा, “ह्या साबांनी मला मसनातून मागं आनलं. काळीज पार गेलतं माझं.” गोष्ट वर्षागणिक वाढायची. एका वर्षी तर मी त्याचे काळीज बाहेर काढून धुतले होते. रोगी माझ्याकडे भक्तीने बघायचे. मी सीताफळाच्या बिया मोठ्या लक्षपूर्वक वेगळ्या करत राहायचो.

यंदा तो वेळेआधी आला, आणि डोक्यावर पाटी नव्हती.

“साब, अर्क द्या. दोन बाटल्या द्या. किसन्याची नाडी गेली.”

किसन, ते कडेवरचे पोर, आता बापाच्याच टप्प्यावर हरकारा झाला होता. अजून मोटारलॉरी घाटात धापा टाकते आणि डाक माणूसच पोचवतो. सटवाजीने मुलाचे मनगट धरले, मोजले, ठोके मंद लागले, आणि त्याने त्याला बाजेवर निजवले. पळायचे नाही, घागर उचलायची नाही, दूध प्यायचे. सगळे माझ्याच शब्दांत. डाकखान्यात जाऊन पोराचा टप्पा दुसऱ्याला द्या, असे सांगायलाही तो निघाला होता. वाटेत आधी माझ्याकडे आला, इतकेच.

“त्याला दम लागतो का?” मी विचारले.

“न्हाई. पन ह्यो रोग असाच लपतो, साब. तुमीच म्हनला व्हता.”

आम्ही दोघे पालीला गेलो. तीच बाज होती, फक्त दोऱ्या नव्या. तिच्यावर किसन पाय लटकावून बसला होता. बापाचीच उंची, बापाचेच गुडघे.

“साब, ह्यास्नी सांगा,” तो म्हणाला. “मला काय बी झालं न्हाई. आक्कल गेलीय आमच्या बाबाची.”

“गप बस बे! म्या बी असंच म्हनलो व्हतो.”

भागू चुलीपाशी नव्हती. ती वळचणीपाशी टाचा उंचावून उभी होती आणि वर खोचलेला खडी फोडायचा हातोडा काढत होती. केस पांढरे झाले होते. काढला, दांड्यावरची धूळ पदराने पुसली आणि शेजारी उभ्या सुनेला, किसनच्या बायकोला, म्हणाली, “दांडा सैल झालाय. पाचर मारावी लागंल. पाटोद्याकडं रस्त्याचं काम निगालंय म्हनं. मी बी येते तुझ्यासंगं, दोगी मिळून फोडू.” डाव्या हाताचे ते आखूड बोट दांड्यावर बाकीच्या बोटांपासून थोडे वेगळे उभे होते.

मी किसनची नाडी पाहिली. ठोका पडला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. भरदार, सावकाश, मोठ्या मोटेसारखा तो आला. वीस वर्षांपूर्वी हेच माझ्या बोटांखाली होते.

“किसन, ऊठ,” मी म्हणालो. “तू जा टप्प्यावर. तुला काही झालेले नाही.”

“साब, मोजली का नीट?” सटवाजी म्हणाला.

“मोजली. अशी नाडी चांगली असते, सटवाजी. धावणाऱ्याची अशीच असते. तुझीही तेव्हा अशीच होती. तुलाही काही झाले नव्हते.”

मी थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो, म्हणून मोट, भोई, पुस्तक, सगळे एका दमात सांगून टाकले.

“आसं कसं?” तो म्हणाला. “मला उंबरा चढंना झालता.”

“निजवल्यामुळे. मी निजवले म्हणून.”

“आन् अर्क?”

“ओवा आणि गूळ.”

किसन फसकन हसला. सटवाजीने हात उगारला, आणि तो तसाच खाली आणला.

“ईस वरसं म्या वव्याचं पानी प्यालो? गावाला सांगत हिंडलो, साबांनी काळीज धुतलं म्हनून? आता काय सांगू गावाला?”

“सांग, डॉक्टर चुकला. आणि चुकला हे कळल्यावरही बोलला नाही. मला माफ कर, सटवाजी.”

मग त्याने स्वतःचेच मनगट धरले, सवयीने, आणि सोडून दिले.

“मला काय इचारायलाव, साब,” तो म्हणाला. “म्या तर बाजंवर पडून दूध पीत व्हतो. खडी तिनं फोडली. तिला सांगा.”

भागूने सगळे ऐकले होते. हातोडा अजून तिच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, आपल्या बोटाकडे बघत होती.

“म्हंजी माझी खडी…” एवढेच ती म्हणाली.

मी उंबऱ्याजवळ खाली बसलो, तिच्या पायांसमोर, जिथे एके दिवशी सटवाजी माझ्या पायांवर पडला होता. हातोड्यासाठी हात पुढे केला. तिने तो दिला नाही. मी हात तसाच ठेवला आणि म्हणालो,

“भागूबाई, तुमच्या नवऱ्याला काही झाले नव्हते. तुम्ही मला विचारले होते, माणूस का सुधारत नाही म्हणून, आणि मी तुम्हाला खोटे सांगितले. तुम्हाला खडी माझ्यामुळे फोडावी लागली, तुमचे बोट माझ्यामुळे गेले. मला माफ करा.”